दोन मिलिमीटरची पट्टी

१९२० साली जपानमधल्या हिरोशिमा शहरात बुचं तयार करणारी एक कंपनी निघाली. तोयो कॉर्क कोग्यो तिचं नाव. बाटलीला बसवतो ते साधं बूच! आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पुढे कंपनीने नावातून कॉर्क काढून टाकलं, यंत्रं बनवायला घेतली, १९३१ साली तीनचाकी मालवाहू गाडी काढली आणि तिला नाव दिलं माझदा. मालकांचं आडनाव मात्सुदा आणि पारशी लोकांचा परमेश्वर अहुर मझ्द, दोघांचीही सोय त्या एका नावात झाली. आपल्याकडे 'स्वराज माझदा'च्या छोट्या ट्रकमुळे आणि शाळेच्या बसमुळे हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल.

तर बुचाचा धंदा सोडून गाड्यांकडे वळलेल्या या कंपनीला चाळीस वर्षांनी पुन्हा बुचानेच गाठलं. कसं गाठलं, ते आज सांगणार आहे.

इतिहास आणि मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने मोटारीच्या इंजिनावर लिहावं याचं घरच्यांना हसू येईल. येऊ दे. कारण घरच्यांनीच दिलं आहे. माझा नातू मेलबर्नला असतो. नोकरी लागून दोन वर्षं झाली, थोडे पैसे साठले, आणि त्याने एक वीस वर्षांची जुनी गाडी बघून ठेवली. इंजिन रोटरी, म्हणजे फिरतं. विकणाऱ्याने जाहिरातीतच लिहिलं होतं की इंजिनाचं सील गेलं असावं अशी शंका आहे. माझा मुलगा म्हणाला, "शंका आहे म्हणजे गेलेलंच आहे. एक पैसा घालू नकोस." नातू म्हणाला, "बाबा, शंका आहे म्हणजे अजून नक्की नाही." दोघांची फोनवर जुंपली. मी मधे पडून विचारलं, अरे पण सील म्हणजे काय ते मला कोणी सांगेल का? नातवाने सांगितलं, मग मी वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता महिना कसा गेला कळलं नाही.

आधी सील समजून घेऊ. सायकलचा पंप आठवा. आतला चामड्याचा वायसर झिजला की कितीही दांडा हाणा, चाकात हवा जात नाही. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, नुसती वाफ फुसफुसते. इंजिनातही तेच आहे. पेट्रोल आणि हवा कोंडायची, दाबायची, पेटवायची. कोंडलेलं निसटलं तर जोर कुठून येणार? नेहमीच्या इंजिनात गोल नळकांड्यात गोल दट्ट्या वरखाली होतो आणि त्याच्या कमरेला गोल कड्या असतात, त्या पिस्टन रिंगा. गोलात गोल बसवणं सोपं. चाकं, भांडी, बुचं, माणूस हजारो वर्षं तेच करत आलाय.

रोटरी इंजिनात दट्ट्या नाही. लंबगोलाला कमरेत किंचित दाबलं तर जसा आकार होईल तशी एक पोकळी, आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तीनही टोकं सतत भिंतीला टेकलेली. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात आणि फिरता फिरता ते लहानमोठे होत जातात. एकात हवा-पेट्रोल येतंय, दुसऱ्यात दाबलं जातंय, तिसऱ्यात पेटून धूर बाहेर पडतोय. वरखाली आपटणं नाही, झडपा नाहीत, भाग मोजके. इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की वेग किती वाढला ते चालवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून पुढे गाड्यांमध्ये सावध करणारा भोंगा बसवावा लागला.

सगळी मेख त्या तीन टोकांत आहे. प्रत्येक टोकाला एक खाच, खाचेत एक पातळ उभी पट्टी, पट्टीखाली स्प्रिंग. ही पट्टी म्हणजेच टोकाचं सील. पिस्टनची कडी भिंतीला सगळीकडून सारखी टेकते. ही पट्टी मात्र नुसत्या एका रेषेवर टेकते, तिचा भिंतीशी कोन क्षणाक्षणाला बदलतो, आणि एका बाजूला आग तर दुसऱ्या बाजूला गार हवा असते. ती झिजली, वाकली, तडकली की शेजारचे दोन कप्पे एकमेकांत मिसळतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी तशीच चकचकीत, आसनं तशीच मऊ.

हे इंजिन ज्याच्या डोक्यातून निघालं तो फेलिक्स वांकेल. जन्म १९०२, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या लार गावी. वडील पहिल्या महायुद्धात गेले. विद्यापीठात शिकणं झालं नाही. हायडेलबर्गला एका प्रकाशकाकडे नोकरी करत त्याने आपली छोटी कार्यशाळा थाटली आणि १९२९ साली फिरत्या यंत्राचं पहिलं पेटंट घेतलं. इतिहासाच्या बाईने हेही सांगायला हवं की हा माणूस विशीतच हिटलरच्या पक्षात गेला होता. १९३२ मध्ये अंतर्गत भांडणातून तिथून हाकलला गेला, १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही होता. पण पुढे त्याच राजवटीसाठी विमानांच्या इंजिनांवर त्याने काम केलं. त्या कामाचा मुख्य विषय कोणता? हवाबंद करणं, फटी बुजवणं! युद्धानंतर फ्रेंचांनी त्याची कार्यशाळा मोडून नेली आणि त्याला कैदेत ठेवलं.

१९५१ मध्ये नेकारसुल्मच्या एनएसयू या कंपनीशी त्याचा करार झाला. विणकामाच्या यंत्रांपासून सुरू झालेली ही कंपनी पुढे सायकली आणि मग मोटारसायकली करायला लागली, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला ती जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल कंपनी होती. १९५७ च्या फेब्रुवारीत वांकेलचं पहिलं इंजिन फिरलं. त्यात आतला त्रिकोणही फिरायचा आणि बाहेरची पोकळीही फिरायची. एनएसयूच्या हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने बाहेरची पोकळी स्थिर केली, म्हणजे प्लग बदलणं वगैरे शक्य झालं. वांकेलला ते आवडलं नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याचा तुम्ही नांगराचा घोडा केलात, अशा अर्थाचं तो म्हणाला असं सांगतात. रस्त्यावर आला तो मात्र नांगराचाच घोडा.

बातमी पसरली आणि जगभरच्या कंपन्या परवाने घ्यायला धावल्या. अमेरिकेतली जनरल मोटर्स त्यात जरा उशिरा, १९७० मध्ये आली आणि तिने ५ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. १९७१ मध्ये वांकेलने आपला वाटा १० कोटी मार्कांना विकला. गंमत म्हणजे या माणसाकडे मोटार चालवायचा परवाना कधीच नव्हता म्हणतात. रस्त्यात गाडी बंद पडून इंजिनाचं झाकण उघडून बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नसणार.

आता पुन्हा हिरोशिमाला जाऊ. ६ ऑगस्ट १९४५ ला शहर बेचिराख झालं. तोयो कोग्योचा कारखाना शहराच्या कडेला, मधे हिजियामाची टेकडी, म्हणून तो बराचसा वाचला. इतका, की प्रांताच्या सरकारी कचेऱ्या काही काळ त्या कारखान्यातच भरल्या. केनिची यामामोतो हा तरुण अभियंता त्या सुमारास हिरोशिमाला घरी परतला. अणुबॉम्बमध्ये त्याची बहीण गेली होती. १९४६ मध्ये पोटासाठी तो याच कारखान्यात तीनचाकीचे भाग जोडायला लागला.

१९६० च्या सुमारास जपान सरकारच्या मनात आलं की मोटार कंपन्या फार झाल्या, लहान कंपन्यांना मोठ्यांत मिसळून टाकावं. आपलं वेगळं काही नसेल तर आपण गिळले जाणार, हे कंपनीचे प्रमुख त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं. ते स्वतः जर्मनीला गेले आणि एनएसयूकडून रोटरीचा परवाना मिळवून आले. १९६१ मध्ये करार पक्का झाला. नमुन्याचं इंजिन हिरोशिमात चालवून पाहिलं तर ते थरथरायचं, पांढऱ्या धुराचे लोट सोडायचं, आणि काही काळ चालवून उघडलं की आतल्या गुळगुळीत भिंतीवर आडवे ओरखडे! टोकाची पट्टी फिरताना थरथरत होती आणि भिंत खरवडत होती. तिथल्या लोकांनी त्या ओरखड्यांना नाव ठेवलं, 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'.

१९६३ च्या एप्रिलमध्ये यामामोतोंच्या हाताखाली खास विभाग निघाला. सगळे मिळून सत्तेचाळीस जण. जपानात सत्तेचाळीस सामुराईंची जुनी कथा घराघरात माहीत आहे. धन्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी जवळजवळ दोन वर्षं गुपचूप वाट पाहणारे आणि शेवटी जीव देणारे ते योद्धे. या अभियंत्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. त्यांनी पट्टीसाठी काय काय करून पाहिलं! नाना तऱ्हेचे धातू, गाईघोड्यांची हाडंसुद्धा. पट्टीला आडवीउभी भोकं पाडून तिची थरथर बदलून पाहिली, त्याने ओरखडे थांबले. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी कामाला आली.

मंडळी, आता १९६७ साल बघा. एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, दोन रोटरांच्या इंजिनाच्या दोन गाड्या बाजारात आल्या. मे महिन्यात हिरोशिमाहून 'कॉस्मो स्पोर्ट' आणि सप्टेंबरात जर्मनीत एनएसयूची 'आरओ ८०'. दोघींचं दैव मात्र एकदम वेगळं.

कॉस्मो ही दोघांची, हौसेची गाडी. विक्रीच्या आधी तिच्या साठ गाड्या करून जपानभरच्या विक्रेत्यांकडे चालवायला दिल्या होत्या. पाच वर्षांत कंपनीने १,१७६ गाड्या केल्या, जवळजवळ हातानेच. १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगला चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. त्यातली एक दोनेक तास उरले असताना बाद झाली, दुसरी चौथी आली. म्हणजे आधी थोड्या गाड्या, थोडे गिऱ्हाईक, आणि झिजायचं ते आपल्या देखरेखीखाली झिजू दे, असं धोरण.

आरओ ८० ही सगळ्या कुटुंबाची मोठी गाडी. क्लाउस लुथेने आखलेलं तिचं रूप आज पाहिलं तरी पन्नास-साठ वर्षं जुनं वाटत नाही. ११५ अश्वशक्ती, क्लचच्या पायदांड्याशिवाय चालणारे गिअर, आणि युरोपातला वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा १९६८ चा मान. डॉक्टर, वकील, शिक्षक अशा लोकांनी विश्वासाने घेतली. आणि २४ हजार किलोमीटरलाच काही गाड्या कुरकुरायला लागल्या. ५० हजारांच्या आत कितीतरी इंजिनं उतरवावी लागली. दोष टोकांच्या पट्ट्यांत. गावोगावच्या मेकॅनिकांना पिस्टनची इंजिनं पाठ, हे नवं प्रकरण कोणाला कळत नव्हतं. मग काय, जरा धाप लागली की सगळं इंजिनच बदला! कंपनीने हमी पाळली, इंजिनं बदलून दिली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना हात करताना बोटं दाखवायचे, माझं दुसरं इंजिन, माझं तिसरं, अशी आख्यायिका आहे.

१९७० पर्यंत बहुतेक दोष दुरुस्त झाले होते. पण तोवर कंपनीच संपली होती. १९६९ मध्ये फोक्सवॅगनने तिला आपल्या आउटो युनियनमध्ये विलीन करून घेतलं. आरओ ८० रखडत १९७७ पर्यंत चालली, एकूण सुमारे ३७ हजार गाड्या झाल्या. जुन्या बाजारात तिला कोणी विचारेना. इंग्लंडमध्ये तर लोक गाडी मातीमोल भावात घेत, आतलं रोटरी काढून टाकत आणि तिथे फोर्डचं आखूड व्ही-४ इंजिन बसवत. ते थरथरायचं, आवाज करायचं, पण कधी दगा देईल याची धास्ती नसायची. इतक्या देखण्या गाडीची ही अवस्था वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

इथे मला या सगळ्या इतिहासाचं सूत्र सापडलं असं वाटतं. वस्तूत न दिसणारा दोष असला की त्याची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. ती कोणी मोजायची, एवढाच प्रश्न असतो. एनएसयूने ती स्वतः मोजली आणि त्या पायी बुडाली. पण तिच्या गिऱ्हाइकाला निदान इंजिन तरी मिळालं. फ्रान्सच्या सित्रोएनने १९७३ मध्ये रोटरी इंजिनाची 'जीएस बिरोटोर' काढली, सुमारे साडेआठशे विकल्या, आणि मग सुट्या भागांचा कायमचा व्याप नको म्हणून गाड्या लोकांकडून परत विकत घेऊन मोडीत काढायला सुरुवात केली. काही मालकांनी त्या दिल्या नाहीत. त्यांनी हौसेची किंमत आपण होऊन आपल्या डोक्यावर घेतली. जनरल मोटर्सने १९७४ मध्ये रोटरीचा नाद सोडला. तिची एकही रोटरी गाडी बाजारात आली नाही. ५ कोटींच्या सौद्यावर गिऱ्हाइकांआधीच पाणी पडलं.

आणि माझदा? पट्टीचा प्रश्न त्यांनी बराचसा सोडवला होता, पण १९७३ चा तेलाचा भडका उडाला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की त्यांच्या रोटरी गाड्या शहरात गॅलनला जेमतेम दहा-अकरा मैल जातात. न विकलेल्या गाड्यांनी आवारं भरली. सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी तरली. कारखान्यातले हजारो कामगार विक्रेत्यांकडे धाडले, घरोघरी जाऊन गाड्या विकायला. या वेळी किंमत मोजली ती कामगारांनी. पण मात्सुदांनी ज्यासाठी हे इंजिन आणलं, ते वेगळेपण कंपनीने सोडलं नाही. १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आली, २००२ पर्यंत आठ लाखांवर गेली. यामामोतो १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १९९१ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांची '७८७बी' पहिली आली, ५५ नंबरची गाडी. तिथे जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. तिच्या इंजिनात टोकाच्या पट्ट्या होत्या चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाच्या, सिरॅमिकच्या! हाडांपासून सुरू झालेला शोध तिथवर पोचला होता.

२००३ मध्ये 'आरएक्स-८' आली. सुंदर गाडी, पण इंजिन उतरवण्याच्या तक्रारी येत राहिल्या. २००८ मध्ये अमेरिकेत कंपनीने त्या इंजिनाची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. एनएसयूचा धडा लक्षात ठेवूनही कंपनीने पुन्हा भार आपल्याकडे घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१२ मध्ये ती गाडी बंद झाली, आणि आता ती आठ वर्षंही सगळ्यांचीच उलटली. म्हणजे आज कोणी जुनी रोटरी गाडी विकत घेतो, तेव्हा तो रांगेतला शेवटचा माणूस असतो. संशोधक गेला, कारखान्याची हमी संपली, पहिले मालक हौस फेडून मोकळे झाले. उरलेली किंमत याच्या गळ्यात.

मुलाचा विरोध मला कळत होता तो यामुळेच. पण नातवाचंही एक म्हणणं खरं होतं. एनएसयूच्या वेळी मेकॅनिकांना मोजता येत नव्हतं म्हणून शंका आली की इंजिन फेकलं. आज मोजता येतं. मग मोजायचं सोडून शंकेवर का भांडायचं?

मोजतात कसं, तेही सांगते. इंजिन गरम असताना पेट्रोल तोडून, प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर फिरवायचं आणि आतला दाब बघायचा. साध्या गाडीच्या मापकाने इथे फसगत होते, कारण त्यावर तीन कप्प्यांतला सगळ्यात मोठा आकडा तेवढा दिसतो. दोन कप्पे मेलेले असले तरी तिसरा त्यांची लाज राखतो. रोटरीचं मापक वेगळं असतं, ते तीनही आकडे सुटे दाखवतं. आरएक्स-८ साठी कंपनीनेच हिशेब घालून दिलेला आहे. स्टार्टरच्या मिनिटाला २५० फेऱ्यांना चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलो म्हणजे उत्तम, ६.९ च्या खाली म्हणजे इंजिन उघडायची वेळ. एका रोटरच्या तीन आकड्यांत दीडपेक्षा जास्त फरक नको आणि दोन रोटरांमध्ये एकपेक्षा जास्त नको.

आकडे वाचायचीही एक खूण आहे, मला ती फार आवडली. टोकाची पट्टी दोन कप्प्यांच्या सीमेवर असते. म्हणून एक पट्टी गेली की शेजारचे दोन्ही कप्पे पडतात आणि तिसरा चांगला राहतो. शेतातला एक बांध फुटला की नुकसान दोन वावरांचं होतं ना, तसंच. तीनही आकडे सारखेच उतरले असतील तर तो एका पट्टीचा दोष नव्हे, वयोमान समजावं.

आणखी काही गोष्टी नातवाने जाणकारांना विचारून लिहून काढल्या होत्या. गाडी तेल पिते म्हणून घाबरायचं नाही. पट्ट्यांना वंगण म्हणून थोडं तेल आत सोडायचं, अशी रचनाच आहे. उलट ते तेल वेळेवर न भरणाऱ्या मालकाला घाबरायचं. गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे पाण्याची सीलं गेली, ते दुखणं वेगळं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे गाडी चांगली तापवायची, बंद करायची आणि लगेच चालू करून पाहायची. थंड इंजिनात दाट तेल फटी बुजवतं, तापल्यावर तेल पातळ होतं आणि झिजलेली पट्टी उघडी पडते. जुनी गाडी विकणारा बहुधा तुम्ही यायच्या आधीच ती चालू करून ठेवतो आणि तुम्ही जाईपर्यंत बंद करत नाही, असंही त्याच्या यादीत होतं.

हा विकणारा तसा निघाला नाही. साठीचा गृहस्थ. किल्ली हातात देतानाच म्हणाला, तापल्यावर बंद करू नकोस, अर्धा तास चालू व्हायची नाही. मोजायला लगेच तयार झाला, मोजणीचे निम्मे पैसेही त्याने दिले. पुढच्या रोटरचे तीनही आकडे ठीक आले. मागच्याचे दोन पडलेले, एक चांगला. एक पट्टी गेली होती. शंका संपली.

मग भाव ठरवायला वेळ लागला नाही. इंजिन शून्य धरायचं आणि बाकी गाडीचे पैसे द्यायचे, असं दोघांनी मान्य केलं. नातवाने साठवलेल्यातले निम्मे गाडीला दिले, निम्मे इंजिन उघडण्यासाठी ठेवले. ते पुरणार नाहीत, म्हणून पुढचं वर्षभर गाडी आच्छादन घालून उभी राहणार आहे. मुलगा अजूनही म्हणतो, एवढ्या पैशांत चालती गाडी आली असती. हिशेबाने त्याचंच बरोबर आहे, मी ते नातवाला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "आजी, मी फसलो नाही ना? मी बघून घेतलंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजणीचा कागद त्याने गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. इंजिन नवं झालं तरी तो फाडणार नाही म्हणतो, पुढे कधी विकली तर पुढच्याला दाखवायला.

जन्मभर इतिहास शिकवताना मुलांना सांगत आले, की सनावळ्या पाठ करा पण त्याबरोबर हेही विचारा की त्या घटनेची किंमत कोणी मोजली. लढाया आणि तहांच्या बाबतीत हे विचारायची सवय होती. एका इंजिनाच्या बाबतीतही तोच प्रश्न इतका चपखल लागू पडेल असं वाटलं नव्हतं. न दिसणारा दोष कोणालाच टाळता येत नाही, वांकेलला नाही, सत्तेचाळीस जणांना नाही. हातात एवढंच असतं, की तो मोजायचा आणि पुढच्याला खरं सांगायचं. मग ज्याला त्याची किंमत मोजायची आहे तो निदान डोळे उघडे ठेवून मोजतो.

यामामोतो २०१७ च्या डिसेंबरात, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी गेले. २०२३ मध्ये हिरोशिमात पुन्हा रोटरी इंजिन तयार व्हायला लागलं. त्रिकोण आता एकच, आणि काम चाकं फिरवण्याचं नाही, विजेच्या गाडीसाठी वीज तयार करण्याचं. त्या इंजिनाची माहिती वाचत होते. आधीच्या इंजिनात टोकाची पट्टी २ मिलिमीटर जाड होती. नवीन इंजिनात ती अडीच केली आहे.

साठ वर्षांनंतर अर्धा मिलिमीटर. त्यांचं काम अजून चालूच आहे म्हणायचं.